सगळं आहे, जोडणारा हवा!

कॅब बुक करताना तुमच्या फोनमध्ये अर्धा डझन सेवा गुपचूप एकत्र येतात. मग बार्शीटाकळीच्या वावरात त्या एकमेकींना ओळखही का दाखवत नाहीत? ‘मिडलवेअर’ नावाच्या, कधीच न दिसणाऱ्या सॉफ्टवेअरची ही गोष्ट...

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिस सुटलंय, बाहेर पाऊस धो धो कोसळतोय आणि तुम्ही कॅबचं अ‍ॅप उघडता. तुम्ही कुठे उभे आहात, हे फोनला आधीच ठाऊक. नकाशा एका कंपनीचा, पैसे भलत्याच बँकेतून जाणार, ओटीपीचा एसएमएस पाठवणारी कंपनी तिसरीच आणि पावसामुळे भाडं किती वाढवायचं याचं गणित चौथीकडेच चाललेलं. पण तुम्हाला दिसतं काय? फक्त एक बटण. दाबलं की काम फत्ते!

आता गंमत बघा. नकाशावाल्याला तुमच्या बँकेशी देणंघेणं नाही. बँकेला पावसाशी काही नाही. एसएमएसवाल्याला तर कॅब म्हणजे काय हेही कळायची गरज नाही. तरी तीस सेकंदांत ही सगळी मंडळी एका रांगेत उभी राहून तुमचं काम करतात. त्यांना रांगेत उभं कोण करतं? त्या अदृश्य गड्याचं नाव आहे ‘मिडलवेअर’. नावावरून बोअर वाटतं ना? पण जरा थांबा. तुमच्या सकाळच्या कॉफीच्या ऑर्डरपासून ते वऱ्हाडातल्या एखाद्या कास्तकाराच्या जिवापर्यंत बरंच काही याच मधल्या सॉफ्टवेअरवर टांगलेलं आहे.

लग्नघरातले काका

प्रत्येक मराठी लग्नात एक काका असतात. ते मुलाचे वडील नसतात, मुलीचे मामाही नसतात. फोटोत तर ते कधीच नसतात! पण बँडवाला कुठे अडकलाय, गुरुजींना आणायला कोणती गाडी गेलीय, आचाऱ्याला किती पानं सांगितलीत, हे सगळं फक्त त्यांनाच माहीत असतं. गुरुजी आलेच नाहीत तर दुसरे कुठे मिळतील, तेही त्यांच्या डोक्यात पक्कं. हे काका म्हणजे लग्नातलं मिडलवेअर.

त्यांची कामं तीन. पहिलं, शोधणं : कोणती सेवा आत्ता उपलब्ध आहे? दुसरं, जोडणं : कोणाच्या मागून कोणी यायचं? (आधी अक्षता, मग पंगत. उलटं झालं तर गोंधळ!) आणि तिसरं, सावरणं : एक जण ऐनवेळी गळाला तर त्याच्या जागी कोण? सॉफ्टवेअरच्या जगात या जोडकामाला ‘सर्व्हिस कॉम्पोझिशन’ म्हणतात. छोट्या छोट्या सेवा ओवून एक मोठी सेवा बनवायची. एक एक फूल आधीपासूनच आहे, गजरा आपण करायचा.

‘मिडलवेअर’ हा शब्द तसा जुना आहे. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या परिषदेतच तो वापरला गेला होता. म्हणजे तुमचे आईवडील तेव्हा बहुधा शाळेत असतील, पण हे काका कामाला लागले होते!

भोवतालची हुशारी

या गोष्टीत दुसरा एक धागा आहे. १९९१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क या प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये एक लेख लिहिला. मुद्दा असा की, कॉम्प्युटर इतका मुरला पाहिजे की तो दिसताच कामा नये. भिंतीत, टेबलात, खिशात, सगळीकडे तो असावा, पण त्याची आठवणही होऊ नये. १९९८ च्या सुमारास फिलिप्स कंपनीसाठी काम करणाऱ्या मंडळींनी या कल्पनेला नवं नाव दिलं, ‘अ‍ॅम्बियंट इंटेलिजन्स’. आपण त्याला साध्या मराठीत भोवतालची हुशारी म्हणू.

२००१ मध्ये युरोपियन कमिशनच्या एका सल्लागार गटाने २०१० सालचं जग कसं असेल याच्या चार गोष्टी रचल्या. त्यातली एक कार्मेन नावाच्या बाईची आहे. ती सकाळी उठते आणि नुसतं बोलून घरातल्या यंत्रणेला सांगते की, अर्ध्या तासात ऑफिसला निघायचंय, त्याच वाटेने जाणारी, कोणाबरोबर वाटून घेता येईल अशी गाडी शोध. गाडी येते आणि पैसे आपोआप वळते होतात. ओळखीचं वाटलं ना? २००१ मध्ये ही निव्वळ कल्पना होती. आज तुम्ही तिला ‘शेअर राइड’ म्हणता आणि तीन मिनिटं उशीर झाला तरी चिडता!

पण कार्मेनची गोष्ट लिहिणं सोपं होतं, घडवणं महाकठीण. कारण प्रत्येक सेवेची भाषा वेगळी. मग २००० च्या दशकात संशोधकांनी या सेवांसाठी एक सामायिक व्याकरण बनवायला घेतलं. सोप, डब्ल्यूएसडीएल, बीपेल अशी त्या काळातली नावं आयटीतल्या सीनिअर मंडळींना आजही घाम फोडतात. सगळ्या जगातल्या सेवांची एक यलो पेजेससारखी डिरेक्टरीही निघाली, यूडीडीआय नावाची. मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आणि सॅप यांनी ती चालवली आणि जानेवारी २००६ मध्ये बंदही केली. जगाची एकच डिरेक्टरी काही चालली नाही. त्यानंतर सेवा मोबाइलवर आल्या तेव्हा प्रश्न आणखी वाढले. मोबाइल हलतो, त्याची रेंज जाते, बॅटरी संपते. स्थिर कॉम्प्युटरवर नीट जमलेला गजरा मोबाइलवर सुटायला लागला.

आता गाडी वऱ्हाडात

इथून आपण थेट अकोला जिल्ह्यात जाऊ या. का? कारण हिंजवडी किंवा बीकेसीमध्ये रेंज, चार्जर, वायफाय सगळं हाताशी असतं. तिथे मिडलवेअरची परीक्षाच होत नाही. त्याचा खरा पेपर बार्शीटाकळीत आहे.

अकोल्याहून वीसेक किलोमीटरवर, अकोला ते पूर्णा रेल्वेमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. काळंका देवीचं जुनं दगडी मंदिर ही गावाची ओळख. अकोला शहराची तहान भागवणारं महानचं काटेपूर्णा धरणही याच तालुक्यातलं. शेती मात्र बहुतेक पावसाच्या भरवशावर. सोयाबीन, कपाशी, तूर. इथे शेताला वावर म्हणतात, कपाशीला पऱ्हाटी आणि शेतकऱ्याला कास्तकार.

आता एक कास्तकार डोळ्यांसमोर आणा. पिंजर किंवा धाब्याच्या बाजूला त्याचं पाच एकर वावर आहे. त्याच्या भोवती आज हुशारी किती आहे, ते जरा मोजू या.

एक. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून स्कायमेट कंपनीबरोबर ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली, राज्यभरात दोन हजारांवर. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा, सगळं मोजणारी. कोणी माणूस नोंद करायला नको.

दोन. अकोल्यात १९६९ पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. हवामान खात्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान आणि शेतीचा सल्ला निघतो.

तीन. ‘क्रॉपसॅप’. २००८ च्या खरिपात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला. त्यानंतर २००९-१० पासून राज्याच्या कृषी विभागाने कीड-रोगांवर नजर ठेवणारा हा प्रकल्प सुरू केला. गावोगाव ठरलेल्या वावरांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे ऑनलाइन भरायचे, विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी ते बघून सल्ला द्यायचा आणि तो एसएमएसने कास्तकारापर्यंत पोचवायचा.

चार. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप. देशभरातले ऐंशीहून जास्त सेन्सर विजा टिपतात आणि तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडण्याची शक्यता असेल तर अ‍ॅप इशारा देतं.

पाच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ‘ई-पीक पाहणी’. वावरात उभं राहून फोनवर पिकाचा फोटो काढायचा, तो जागेच्या खुणेसकट सातबाऱ्याच्या नोंदीत जातो.

सहा. बँक खातं, यूपीआय, पीक विमा. त्यांचीही वेगवेगळी अ‍ॅप्स आहेतच.

बघा, काय नाही? आकाशावर नजर आहे, अळ्यांची मोजणी आहे, पिकाचा फोटो आहे, पैशाचा रस्ता आहे. युरोपातल्या त्या सल्लागार गटाने २००१ मध्ये बघितलं असतं तर म्हणाले असते, झालं की तुमचं! पण दामिनीला ठाऊक नाही की या माणसाच्या वावरात आज दहा मजूर निंदायला आलेत. हवामान केंद्राला ठाऊक नाही की इथे पऱ्हाटीला फुलं लागलीत. किडीच्या सल्ल्याला ठाऊक नाही की दुपारी वारा सुटणार आहे. प्रत्येकाचं वेगळं अ‍ॅप, वेगळा पासवर्ड.

मग हे सगळं जोडतं कोण? तर तो कास्तकारच. सकाळी सहा वाजता बांधावर उभा राहून आकाश, पान, खिसा आणि फोन यांचा मेळ तोच घालतो. बार्शीटाकळीतलं मिडलवेअर आजही हाडामांसाचं आहे.

फवारणीचा दिवस

या जोडकामात काय पणाला लागतं, हे कळायला २०१७ आठवा. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, अंगावर संरक्षणाचं काही नाही आणि औषधांचं भलतंसलतं मिश्रण. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही विदर्भाची कपाशी पोखरली. म्हणजे फवारणी टाळावी तरी पंचाईत, करावी तरी पंचाईत.

एखादं अ‍ॅप असतं तर हे मृत्यू टळले असते, असं म्हणणं सोपं आहे आणि खोटंही. हातमोजे, मास्क, दुकानदाराचा सल्ला, मजुराला मिळणारी रोजी, हे प्रश्न सॉफ्टवेअरने सुटत नाहीत. पण एक गोष्ट खरी. ‘आज फवारू की नको?’ हा प्रश्न एकाच सेवेला विचारून उत्तर मिळत नाही. त्यासाठी चार उत्तरं जोडावी लागतात.

कशी, ते बघा. गुलाबी बोंडअळीसाठी शास्त्रज्ञांनी एक पातळी ठरवलेली आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली, तर उपाय करायची वेळ झाली. ही झाली पहिली सेवा. दुसरी सांगते की पीक किती दिवसांचं आहे. तिसरी सांगते की येत्या काही तासांत वारा किती आणि पाऊस येणार का. पाऊस आला तर औषध धुऊन जाणार, पैसे पाण्यात. वारा असेल तर औषध पिकाऐवजी फवारणाऱ्याच्या नाकात. चौथी सेवा सांगते की हे औषध कोणत्या औषधात मिसळायचं नाही. चारही जोडल्या की एक साधं वाक्य तयार होतं : आज नको, उद्या सकाळी वारा पडलेला असताना करा, तोंड झाका, दोन औषधं एकत्र करू नका.

हे एक वाक्य म्हणजेच सर्व्हिस कॉम्पोझिशन. प्रबंधांत त्याच्या आकृत्या पानपानभर असतात. वावरात ते एवढंच असतं आणि एवढंच असलं पाहिजे.

आधी कोणी केलंय का?

केलंय ना! आणि आपल्याच लोकांनी. २००३ मध्ये आयआयटी मुंबईत प्रा. कृती रामामृतम यांच्या गटाने ‘आक्वा’ सुरू केलं. शेतकऱ्याने आपल्या भाषेत प्रश्न विचारायचा, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांनी उत्तर द्यायचं. त्यानंतर काही वर्षांतच टीसीएसच्या मुंबईतल्या इनोव्हेशन लॅबने ‘एमकृषी’ आणलं. त्याची आयडिया अगदी आपल्या विषयाला धरून होती. वावरातले हवामानाचे आणि मातीच्या ओलाव्याचे सेन्सर, फोनच्या कॅमेऱ्यातला फोटो आणि शेतकऱ्याने आवाजात विचारलेला प्रश्न, हे सगळं एकत्र करून लांब बसलेल्या तज्ज्ञासमोर एकाच पडद्यावर ठेवायचं. २००८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्याला वायरलेस गटातलं तंत्रज्ञानाचं पारितोषिकही दिलं.

लक्षात घ्या, तेव्हा स्मार्टफोन जवळपास कोणाकडेच नव्हता. डेटा महाग, पडदा टीचभर. तरी जोडण्याची कल्पना चालली, कारण जोडताना मधे माणूस ठेवला होता. क्रॉपसॅपचंही तसंच. सापळ्यातले पतंग मोजणारा माणूस, आकडे वाचणारा माणूस आणि मधे कॉम्प्युटर.

आता काळ पुढे सरकलाय. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीत एआय आणण्याच्या धोरणाला मंजुरी दिली आणि त्यासाठी ५०० कोटींची तरतूद केली. मराठीत प्रश्नांची उत्तरं देणारं ‘महाविस्तार’ अ‍ॅपही त्याच वर्षी आलं. म्हणजे आता काकांची खुर्ची एआयला देण्याची तयारी सुरू आहे. देऊ या की! पण काकांना काय काय येत होतं, ते आधी नीट बघून घेऊ.

रेंज गेल्यावर काय?

पहिली गोष्ट : सावरणं. डेटा नसेल तर एसएमएस. एसएमएस वाचता येत नसेल तर आवाजातला फोन. तोही लागला नाही तर गावातला कृषी सहायक. चांगलं मिडलवेअर ही उतरंड आधीच ठरवून ठेवतं. वाईट मिडलवेअर पडद्यावर गोल गोल चक्र फिरवत बसतं.

दुसरी गोष्ट : शिळं उत्तर. सकाळी नऊचा वाऱ्याचा आकडा दुपारी दोनला ‘आत्ताचा’ म्हणून दाखवला तर तो नसलेला बरा. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, तशी प्रत्येक आकड्यावर वेळ हवी.

तिसरी गोष्ट आपण शहरवाले हमखास विसरतो. फोन जिथे आहे तिथेच वावर असतं असं नाही! कास्तकार बाजाराला अकोल्यात आलेला असेल, तर फोन अकोल्याचा पाऊस सांगेल. त्याला हवा असतो पिंजरचा. कॅबच्या अ‍ॅपला माणसाची जागा लागते, शेतीच्या अ‍ॅपला जमिनीची. विजेच्या इशाऱ्याला मात्र पुन्हा माणसाचीच. एकाच माणसासाठी दोन वेगळ्या ‘जागा’ सांभाळायच्या, ही गोष्ट आराखड्यातच धरावी लागते, मागाहून चिकटवता येत नाही.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावर तुम्ही हसाल आणि मग गप्प व्हाल. वडिलांच्या नावाने शेतीच्या योजनेत नोंदवलेला मोबाइल नंबर कोणाचा असतो? बऱ्याचदा पुण्यातल्या मुलाचा! कारण फॉर्म भरला तेव्हा ओटीपी त्याच्याकडे येणं सोयीचं होतं. मग अळीचा इशारा मीटिंगमध्ये बसलेल्या मुलाच्या फोनवर टुंग करून वाजतो आणि तो स्पॅम समजून उडवून टाकतो. सेन्सर बरोबर, तज्ज्ञ बरोबर, एसएमएसही वेळेवर. फक्त शेवटची गाठ चुकीच्या खिशात.

यावर एक उपाय तुम्ही स्वतः अनुभवलेला आहे. २०२३ च्या जुलैत एके दिवशी महाराष्ट्रात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? दूरसंचार विभागाची ती चाचणी होती. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. त्यात नंबर लागतच नाही. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या चालू फोनवर संदेश जातो, इंटरनेट असो की नसो. वीज किंवा पूर यांच्यासाठी हा रस्ता झकास, कारण धोका त्या जागेवरच्या प्रत्येकाला असतो, नंबर कोणाच्याही नावावर असो. अळीसाठी मात्र तो उपयोगाचा नाही. तुरीवाल्याच्या अळीसाठी अख्ख्या गावाचे फोन किंचाळले तर आठवड्यात कोणी लक्ष देणार नाही. कोणतं उत्तर कोणत्या रस्त्याने पाठवायचं, हे ठरवणं हेही काकांचंच काम.

*चौकट : चार शब्द, चार चुटके*
*सर्व्हिस : एकच काम नीट करणारा गडी. उदाहरणार्थ, फक्त पाऊस सांगणारा.*
*मिडलवेअर : गड्यांची ओळख करून देणारे, कामाला लावणारे काका.*
*कॉम्पोझिशन : अनेक गड्यांचं मिळून एकच काम. पंगत म्हणा ना!*
*कॉन्टेक्स्ट : कोण, कुठे, कधी, कशात अडकलंय याचं भान. हे नसेल तर अंत्ययात्रेत बँड वाजतो.*

चुकलं तर कॉलर कोणाची धरायची?

समजा, सगळं जुळून आलं. अ‍ॅप म्हणालं, आज फवारा. कास्तकाराने औषधावर पैसे घातले, मजूर लावले आणि दोन तासांत धुवांधार सर आली. आता चूक कोणाची? हवामान केंद्राने आपल्या जागेचं बरोबरच मोजलं होतं, फक्त वावर तिथून आठ किलोमीटर लांब होतं आणि पावसाळी ढगाला मंडळाची हद्द कळत नाही. किडीचा सल्लाही बरोबर. एसएमएसही बरोबर. प्रत्येक तुकडा बरोबर, बेरीज चूक! आणि ती बेरीज करणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

बाजारातल्या अडत्याबद्दल कास्तकार काय वाट्टेल ते बोलेल. पण त्याचं दुकान माहीत असतं, चेहरा माहीत असतो आणि वेळ आली तर कॉलर धरता येते. मधल्या सॉफ्टवेअरला कॉलरच नाही. म्हणून त्याच्याकडून एक गोष्ट मागायलाच हवी, ती म्हणजे पावती. प्रत्येक सल्ल्याखाली दोन ओळी : पावसाचा आकडा कुठल्या केंद्राचा, किती वाजताचा, किडीचा आकडा कुठल्या गावचा, कोणत्या दिवसाचा. ते वाचून आपला कास्तकार स्वतःच म्हणेल, हे केंद्र तर माझ्यापासून लांब आहे, मी जरा थांबतो. शेवटचा निर्णय त्याच्या हातात राहतो आणि चूक झालीच तर ती कुठल्या गाठीत झाली ते शोधता येतं.

नियम बदलतात तेव्हाही हीच पंचाईत होते. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा आला आणि २०२५ मध्ये ती योजना बंद झाली. एखाद्या अ‍ॅपच्या पोटात जुनाच नियम बसून राहिला, तर ते अतिशय गोड आवाजात, शुद्ध मराठीत चुकीचं सांगत राहील. सेवा जोडणं हे एकदाचं काम नाही, ते रोजचं आहे. लग्न एका दिवसात उरकतं, शेती नाही.

आणि जोडण्याची एक काळी बाजूही आहेच. सातबारा वेगळा, पिकाचा फोटो वेगळा, बँकेचं खातं वेगळं, तोवर कोणाला फारसं काही कळत नाही. तिन्ही जोडले की माणसाची अख्खी कुंडली तयार! कोणत्या महिन्यात हा कडकीत असतो, हे औषध विकणाऱ्याला आणि कर्ज देणाऱ्याला आधी कळलं तर? म्हणून परवानगीचाही हिशेब हवा. आपल्याकडे २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्थेत बँकेची माहिती दुसऱ्याला देताना ती कशासाठी आणि किती काळासाठी, हे आधी सांगावं लागतं, आणि दिलेली परवानगी मागेही घेता येते. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झाला. शहरात आपण ‘आय अ‍ॅग्री’ न वाचताच दाबतो. पण ज्याचं वर्षाचं पीक त्या बटणामागे आहे, त्याला ते बटण मराठीत आणि दोन वाक्यांत कळलंच पाहिजे.

तुमचा रोल काय?

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण नेमकं हेच काम करता. तुमच्या कार्डावर ‘इंटिग्रेशन’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. घरी विचारलं की नक्की काय करतोस रे, तर सांगता येत नाही. यूआयवाल्याचं कौतुक होतं, एआयवाला स्टेजवर जातो आणि तुम्ही रात्री दोन वाजता कोणाचा तरी एपीआय का बंद पडला ते शोधत बसता. यापुढे घरी सांगा, मी लग्नघरातला काका आहे!

आणि पुढच्या वेळी एखाद्या प्रॉडक्टचा आराखडा मांडाल तेव्हा परीक्षेची जागा बदलून बघा. ‘हे बीकेसीत चालेल का?’ याऐवजी ‘धाब्यात, जुन्या फोनवर, रेंजची एक कांडी असताना, उन्हात उभ्या माणसाला चालेल का?’ असं विचारा. तिथे चाललं तर बीकेसीत चालेलच. उलटं मात्र होत नाही.

आणि ज्यांचं घर, आजोळ किंवा सासर अकोला, वाशीम, बुलडाणा, अमरावती, यवतमाळकडे आहे, त्यांना या दिवाळीत घरी गेल्यावर करायला तीन कामं. वडिलांच्या, काकांच्या शेतीच्या नोंदींत मोबाइल नंबर कोणाचा आहे ते बघा, तुमचा असेल तर बदला. गाव आणि पीक बरोबर नोंदलंय का तेही तपासा. वावरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ‘दामिनी’ टाका आणि इशारा आला की झाडाखाली उभं राहायचं नाही, हे आईलाही सांगा. आणि किसान कॉल सेंटरचा टोल-फ्री नंबर, १८००-१८०-१५५१, फोनमध्ये सेव्ह करून द्या. तिथे अजूनही माणूस बोलतो. एकूण काम पंधरा मिनिटांचं, फराळाआधी उरकेल!